चार बोटांची फट

माझ्या फोक्सवॅगन पोलोच्या पुढच्या टायरच्या माथ्यावर आणि मडगार्डच्या कमानीखाली हाताची चार बोटे आडवी घातली, तरी थोडी जागा उरत असे. रोज सकाळी कोथरूडहून हिंजवडीला निघताना गाडीपाशी गेलो की नजर आधी त्या काळ्या पोकळीवर जाई. गाडीची बाजूची रेष रेखीव आहे, तिच्या पत्र्यावरच्या घड्या कोणीतरी विचार करून घातलेल्या आहेत, आणि त्या सगळ्याखाली ती फट मात्र वाढत्या वयाच्या मुलाला आखूड झालेल्या विजारीसारखी दिसे. ही गाडी भारतात २०१० मध्ये आली, २०२२ मध्ये बंद झाली आणि आमच्या शेजारच्या चाकणला बनली. युरोपातल्या तिच्या भावंडापेक्षा ती इथे मुद्दाम उंच उभी केलेली होती. कारण उघड आहे, आणि ते कारण मी रोज जाता-येता चाकाखाली घेत असतो. तरीही गाडी थोडी खाली बसावी, चाक कमानीत नीट सामावलेले दिसावे, ही इच्छा गेली चार-पाच वर्षे माझ्या मनात होती. दिसण्याची ओढ ही कमी प्रतीची गोष्ट आहे असे मला वाटत नाही. ज्या वस्तूबरोबर आपण रोज दोन तास घालवतो, ती डोळ्यांना बरी वाटावी अशी अपेक्षा ठेवण्यात गैर काय आहे?

लोअरिंग स्प्रिंगा, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, निवडायला मला जवळजवळ आठ महिने लागले. एवढा वेळ घेण्यामागे एक जुनी चूक होती. २००७ मध्ये माझ्याकडे एक जुनी छोटी गाडी होती आणि हाताशी पैसे नव्हते. एका गॅरेजमध्ये तिच्या चारही स्प्रिंगांचा दीड-दीड वेढा गॅस कटरने कापून दिला. तासाभरात गाडी खाली आली आणि मी खूश होऊन घरी गेलो. स्प्रिंगचे सहा वेढे काम करत असतील आणि त्यांतला दीड वेढा गेला, तर उरलेली स्प्रिंग एक तृतीयांशाने कडक होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. कटरच्या आचेने तारेचे पाणी उतरते आणि कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही, हेही ठाऊक नव्हते. चाक खड्ड्यात पूर्ण खाली लोंबले की स्प्रिंग बैठकीत सैल होऊन टण्ण असा आवाज येई. पुढे महाबळेश्वरला जाताना, आई-बाबा मागे बसलेले असताना, वाईजवळच्या एका गतिरोधकावर इंजिनखालचा ऑइलचा चेंबर आपटला. ऑइलची काळी रेघ रस्त्यावर मागे लांबवर गेलेली दिसत होती. टो करणारी गाडी येईपर्यंत आम्ही दोन तास एका चहाच्या टपरीवर बसलो. आई रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, "गाडी चांगली होती की रे." ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

म्हणून या वेळी आधी स्प्रिंग म्हणजे काय, हे समजून घ्यायचे ठरवले. जितका भार तितकी स्प्रिंग दबते, हा रॉबर्ट हूकचा नियम १६७८ पासून छापील स्वरूपात आहे आणि शाळेत आपण सगळेच तो शिकतो. गाडीच्या गुंडाळीच्या स्प्रिंगचा कडकपणा मात्र तीन मापांवर ठरतो: तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या. यातली तारेची जाडी चौथ्या घाताने परिणाम करते. बाकी सगळे तेच ठेवून १२ मिलिमीटरच्या जागी १३ मिलिमीटरची तार वापरली, तर स्प्रिंग ३८ टक्क्यांनी कडक होते. एका मिलिमीटरचा हा प्रताप लक्षात आल्यावर, डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या दोन स्प्रिंगांपैकी एक सुखाची आणि दुसरी हाडे खिळखिळी करणारी का असते, ते कळते. रंगावरून, वजनावरून किंवा दुकानदाराच्या शब्दावरून हे ओळखता येत नाही.

खोक्यावरच्या आकड्याबद्दलचा माझा गैरसमजही याच काळात दूर झाला. स्प्रिंगांच्या संचावर '३० मिमी' असे लिहिलेले असते आणि आपण समजतो की आपली गाडी ३० मिलिमीटर खाली येईल. वास्तविक गाडी किती खाली बसेल हा एकट्या स्प्रिंगचा गुण नव्हे. स्प्रिंगची मोकळी (भार नसतानाची) लांबी, तिचा कडकपणा आणि तिच्यावर येणारे गाडीचे वजन यांवरून गाडीची उंची ठरते. खोक्यावरचा आकडा हा या उंचीतला आणि कुठल्या तरी मूळ उंचीतला फरक असतो. ही मूळ उंची कुठली, हा खरा प्रश्न आहे. जर्मनीत युरोपातल्या गाडीसाठी बनवलेली स्प्रिंग भारतातल्या उंच उभ्या गाडीत बसवली, तर गाडी साधारण तिकडच्याच उंचीवर येऊन थांबणार, म्हणजे आपल्या हिशोबाने ती ३० पेक्षा बरीच जास्त उतरणार. शिवाय डिझेलचे इंजिन पेट्रोलपेक्षा जड असते, त्यामुळे एकाच नावाच्या गाडीच्या दोन रूपांत पुढच्या आसावरचा भार वेगळा असतो. चांगले उत्पादक म्हणूनच स्प्रिंगेसोबत आसावरच्या भाराची मर्यादा लिहून देतात. खरेदी करताना हा आकडा मात्र आपल्यापैकी फार थोडे जण विचारतात.

मग माझ्या गाडीच्या मूळ स्प्रिंगा किती कडक आहेत, हे मोजायचे ठरवले. त्यासाठी यंत्र लागत नाही. मे महिन्यातल्या एका रविवारी वर्षाचे तांदूळ भरायचे होते. २५ किलोच्या चार गोण्या घरात नेण्याआधी मी तासभर मागून घेतल्या. डिकी मागच्या आसाच्याही मागे असते, सगळा भार तिथे ठेवला तर तरफेसारखा आसावर जास्त येतो. म्हणून दोन गोण्या डिकीत आणि दोन मागच्या सीटवर ठेवल्या. चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने घेतले. हेच माप घ्यावे. जमिनीपासून मोजले तर टायरमधल्या हवेचा फरक त्यात मिसळतो. सांध्यांमधल्या घर्षणामुळे गाडी लगेच आपल्या खऱ्या उंचीवर येत नाही, म्हणून प्रत्येक मापाआधी मागची बाजू दोन्ही हातांनी चार वेळा दाबून सोडली. रिकामी असताना अंतर ३८२ भरले आणि गोण्यांनंतर ३५७. शंभर किलोला २५ मिलिमीटर. म्हणजे एका चाकाला ५० किलोला २५, अर्थात मिलिमीटरला दोन किलो. हा आकडा मी तांदळाच्या पावतीच्या मागे लिहिला, आणि पुढचा सगळा निर्णय त्या पावतीवरच उभा राहिला.

कारण त्यावरून दुसरा हिशोब मांडता आला. मागे तीन माणसे आणि चौघांचे सामान असले, की मागच्या आसावर साधारण १८० किलो भार वाढतो. मूळ स्प्रिंगांवर गाडी त्याने ४५ मिलिमीटर बसते. आता शॉकअपच्या दांड्यावर वरच्या बाजूला फोमसारख्या पदार्थाचा एक ठोकळा असतो, त्याला बंपस्टॉप म्हणतात. शॉकअप आखडत गेला की तो त्या ठोकळ्यावर टेकतो, आणि तिथून पुढे स्प्रिंगऐवजी ठोकळाच भार पेलू लागतो. माझ्या मेकॅनिकने दांड्याला धुळीपासून जपणारी धूळटोपी वर सरकवून मोजले, तेव्हा एकटा चालक असताना ठोकळ्यापर्यंत ५५ मिलिमीटर जागा होती. भरलेल्या गाडीत त्यातली १० उरत होती. म्हणजे कंपनीने उंच उभी केलेली गाडीसुद्धा कुटुंब बसल्यावर ठोकळ्याच्या तोंडाशीच येऊन थांबते. गाडीची उंची ही उधळपट्टी नसून राखीव ठेव आहे, हे मला त्या दिवशी कळले.

आता ३० मिलिमीटर खाली आणणाऱ्या आणि २० टक्के कडक असलेल्या स्प्रिंगा धरू. ५५ मधून ३० गेले, राहिले २५. कडकपणामुळे भरलेली गाडी ४५ ऐवजी ३८ मिलिमीटर बसेल. २५ मधून ३८ जात नाहीत. याचा अर्थ, आई-बाबांना घेऊन निघताना, गाडी पार्किंगमधून हलण्याआधीच तिची मागची बाजू ठोकळ्यावर बसलेली असणार, आणि मग प्रत्येक खड्डा थेट त्यांच्या पाठीत जाणार. एकट्याने चालवताना यातले काहीही जाणवत नाही. म्हणूनच अशा स्प्रिंगा बसवणारे अनेक जण मनापासून 'काही त्रास नाही' असे सांगतात. ते खोटे बोलत नसतात, त्यांच्या गाडीची मागची सीट बहुधा रिकामी असते एवढेच. हा हिशोब मांडल्यावर मागच्या बाजूला १५ मिलिमीटरच्या पलीकडे जायचे नाही, हे माझ्यापुरते ठरून गेले. पुढच्या बाजूला प्रवाशांमुळे भारात फारसा फरक पडत नाही, तिथे २५ चालणार होते.

पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांचे एक नाते असते. रस्त्यातला उंचवटा आधी पुढच्या चाकाखाली येतो आणि मग मागच्या. पोलोच्या दोन आसांत २.४७ मीटर अंतर आहे, म्हणून ताशी ६० किलोमीटर वेगात या दोन धक्क्यांमध्ये सेकंदाचा जेमतेम सातवा भाग जातो. मागची बाजू पुढचीपेक्षा थोडी जलद हेलकावली, तर ती पुढचीला गाठते आणि दोन्ही टोके एकत्र वरखाली होतात. तसे झाले नाही तर गाडी होडीसारखी डोलते आणि मागे बसलेल्याला मळमळते. १९३० च्या दशकात मॉरिस ऑली या अभियंत्याने अमेरिकेत जनरल मोटर्ससाठी काम करताना हे प्रयोगांनी दाखवून दिले. स्प्रिंगा पुढे एका संचातल्या आणि मागे दुसऱ्या संचातल्या बसवण्याचा मोह किंमत पाहून होतो. पण त्या जुळणीमागे कोणीतरी विचार केलेला असतो, ती मोडू नये.

हिशोबाचा दुसरा भाग आमच्या सोसायटीच्या फाटकात होता. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा असतो. ताशी २५ किलोमीटरने तो आरामात ओलांडता यावा, अशी ही रचना आहे. इतक्या रुंद गतिरोधकावर माझ्या गाडीची पुढची आणि मागची चाके एकाच वेळी चढलेली असतात, आणि मधल्या फुगवट्यामुळे पोटाखालची जागा केवळ ४५ मिलिमीटरने कमी होते. असा गतिरोधक खाली घेतलेल्या गाडीचा शत्रू नाहीच. मी एकदा सकाळी सहा वाजता टेप आणि गवंड्याची पाणपट्टी घेऊन आमचा गतिरोधक मोजायला गेलो. वॉचमन काका खुर्चीवरून उठून आले आणि म्हणाले, "साहेब, काय पडलं का?" त्यांना काय ते सांगितल्यावर त्यांनी पट्टीचे दुसरे टोक धरले. उंची १२ सेंटिमीटर, रुंदी ४५. इतका अरुंद गतिरोधक पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये पूर्ण मावतो, म्हणून त्याची सगळीच्या सगळी उंची पोटाखालच्या जागेतून वजा होते. माझ्या गाडीखाली रिकामी असताना १६५ मिलिमीटर जागा आहे. भरलेली असताना मध्यावर सुमारे १३५ उरते आणि हा गतिरोधक १५ मिलिमीटर राखून पार होतो. पुढे २५, मागे १५ खाली घेतल्यावर, कडकपणाचा फायदा धरूनही, उरतात १२० आणि गतिरोधकही १२०. हिशोबात शून्य उरते.

हा शून्य मी स्वीकारला. गाडी तिरकी नेली की चाके एकेक करून चढतात, पोट वर उचलले जाते आणि खाली घासत नाही. सामान भरलेले असेल त्या दिवशी आई-बाबांना फाटकाबाहेर गाडीत बसवायचे, हेही ठरवले. तसेच सोसायटीला मानकातली मापे जोडून गतिरोधक नव्याने बांधण्याचा अर्ज दिला. तो अर्ज माझ्या गाडीसाठी नव्हता. रुग्णवाहिकेतल्या माणसालाही त्या अरुंद गतिरोधकाचा दणका बसतोच.

शॉकअपबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे निर्णय सोपा होता. स्प्रिंग धक्का साठवते आणि शॉकअप तो जिरवतो. स्प्रिंग २० टक्के कडक केली आणि शॉकअप तोच ठेवला, तर त्याची जिरवण्याची ताकद तुलनेने ९ टक्क्यांनी कमी पडते. शॉकअप नवा असेल तर हे खपून जाते. माझे ८०,००० किलोमीटर चाललेले होते, पुढच्या एकावर तेलाचा ओशटपणा दिसत होता. ते चारही बदलले, वरची रबरी माउंटिंगे आणि बेअरिंगही बदलली. ही कामे स्प्रिंग काढल्यावरच करता येतात आणि तिची मजुरी दोनदा द्यावी लागू नये.

पुढच्या चाकांची रचना मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे चाक खालून एका आडव्या आर्मने आणि वरून शॉकअपनेच धरलेले असते. गाडी खाली आली की हा आर्म चाकाच्या बाजूने वर कलतो, आणि ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी वळणावर कलते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. परिणाम असा की फार खाली घेतलेली गाडी, स्प्रिंगा पुरेशा कडक नसतील तर, घाटात आधीपेक्षा जास्त कलू शकते. खाली म्हणजे स्थिर, हे समीकरण २५-३० मिलिमीटरपर्यंत खरे वाटते, त्यापुढे ते भरवशाचे राहत नाही. चाकांचा टो (वरून पाहता चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकांचा कल) हेही बदलतात. २००७ मध्ये माझ्या टायरांची आतली कड सहा महिन्यांत तारा दिसेपर्यंत झिजली होती, ती याच कारणाने. अलाइनमेंट स्प्रिंगा बसवल्यावर लगेच एकदा आणि त्या बसक्या झाल्यावर पुन्हा एकदा करावे.

कायद्याची बाजू मी वगळणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या आणि निर्मात्याने दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. जर्मनीत स्प्रिंगांसोबत तपासणीचे प्रमाणपत्र येते, बसवल्यावर मान्यताप्राप्त तपासनीस गाडी पाहतो आणि गाडीच्या कागदांत त्याची नोंद होते. अशी सरळ वाट आपल्याकडेही असायला हवी, असे मला मनापासून वाटते. त्यामुळे वेढे कापणारेही कमी होतील. मी विमा कंपनीला बदल लेखी कळवला आणि गाडी पुन्हा मूळ अवस्थेत आणता येईल याची तजवीज ठेवली.

शेवटी तीन विक्रेत्यांना मी एकच पत्र पाठवले. माझ्या गाडीचे वर्ष, इंजिन, दोन्ही आसांवरचे वजन आणि कमानीची मापे लिहून मी स्प्रिंगेचा कडकपणा, मोकळी लांबी आणि अपेक्षित उंची विचारली. दोघांनी फोटो आणि सवलतीचा दर पाठवला. तिसऱ्याने आकडे पाठवले, आणि मागची स्प्रिंग प्रोग्रेसिव्ह असल्याचेही कळवले, म्हणजे तिच्या एका टोकाचे वेढे जवळजवळ असतात, भार वाढला की ते एकमेकांवर मिटतात आणि स्प्रिंग पुढे कडक होत जाते. चाक पूर्ण लोंबले तरी हे मऊ वेढे स्प्रिंगला बैठकीत धरून ठेवतात. २००७ चा तो टण्ण आवाज आठवून मी पैसे भरले.

स्प्रिंगा बसवून आता सात महिने झाले. पहिल्या ६०० किलोमीटरमध्ये गाडी आणखी तीन मिलिमीटर बसली आणि मग स्थिरावली. पुढे ३८५ चे ३५९ झाले आणि मागे ३८२ चे ३६६. कमानीखाली आता तीन बोटे जातात. कात्रजच्या वळणांवर स्टीअरिंग फिरवल्यावर नाक लगेच वळते, आधी असलेला क्षणभराचा उशीर गेला आहे. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर बारीक थरथर मात्र वाढली आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. मूळ स्प्रिंगा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत, प्रत्येकीला 'पुढची डावी', 'मागची उजवी' अशी चिठ्ठी बांधून.

गेल्या महिन्यात आई-बाबांना आणि मावशीला घेऊन महाबळेश्वरला गेलो. निघण्याआधी मागच्या शॉकअपच्या दांड्यावर मेकॅनिककडून एक केबल-टाय घट्ट बांधून घेतली होती. शॉकअप जितका आखडेल तितकी ती वर सरकते आणि तिथेच राहते. वाईजवळचा तो गतिरोधक अजून आहे. मी पहिल्या गिअरमध्ये, थोडी तिरकी करून गाडी त्यावरून नेली. खाली काही लागले नाही. पसरणीच्या घाटात बाबांचे डोके खिडकीला टेकले आणि त्यांना झोप लागली. आईने पदराची घडी करून त्यांच्या कानाखाली सारली. पुण्याला परत आल्यावर धूळटोपी सरकवून पाहिले, तेव्हा केबल-टाय जिथे थांबली होती, तिथून ठोकळा पुरता दाबला जाण्याच्या जागेपर्यंत १२ मिलिमीटर शिल्लक होते.